वाढत्या अंगाचं

१२ एप्रिल

धाकटे,

तुला आशीर्वाद, भिंगरीला त्याच्या दुप्पट, आणि उरलेसुरले मेहुणेबुवांना.

काल फोनवर तू म्हणालीस, "दादा, गोळ्या बंद झाल्या," आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. तिकडे तू रडत होतीस, इकडे दुकानात पंपाची मोटर चाचणीला लावलेली. मी "काय? काय?" म्हणून ओरडलो, तुला वाटलं मी चिडलो, आणि तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. आपल्या दोघांचं फोनवर कधी जमलेलंच नाही. एक मात्र ऐकू आलं. बोलता बोलता तुझा पाय शिलाई मशीनवर चालूच होता. त्याचा पट्टा सैल झालाय. दोरा तुटत असेल तर सुईला शिव्या देऊ नकोस.

संध्याकाळी मेहुणेबुवांना फोनवर गाठलं. ते म्हणाले, "बंद. सगळ्या. डॉक्टर म्हणाले, बरी आहे." इतकं तर ते स्वतःच्या लग्नातसुद्धा बोलले नव्हते. माझा जीव भांड्यात पडला. तुझी वहिनी ऐकून आधी खुर्चीवर बसली, चष्मा काढून ठेवला आणि मग रडली. तिचं सगळं शिस्तीत असतं.

दोन वर्षं पोरीने अळणी गिळलं. रोज सकाळी तू तिच्या लघवीत ती कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचीस, आणि रंग बदलला की घरातल्या सगळ्यांचा रंग बदलायचा. लहान मुलांना किडनीचं दुखणं असतं हे मला तोवर माहीतही नव्हतं. आता पुरे. आता मजा.

तिला आमच्या इथल्या थीम पार्कात न्यायचं. दुखण्याच्या आधी एकदा नेलं होतं, आठवतं? फाटकाशी पत्र्याचं अस्वल उभं आहे, एक पंजा आडवा पुढे केलेलं. पोर पंजाखालून डोकं न लागता गेलं तर अर्धं तिकीट, डोकं लागलं तर पूर्ण. तेव्हा भिंगरी खालून नाचत गेली होती, आणि तेव्हापासून मी तिला 'अर्धं तिकीट' म्हणतो.

तर, परवा तिथल्या कारंज्याची मोटर बसवायला गेलो होतो. जाता जाता अस्वलापाशी उभा राहून अंदाज घेतला. पंजा बरोबर माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला टेकतो. शर्ट तूच शिवलेला, तो निळा. माझं माप तुला झोपेतसुद्धा पाठ. बघ, भिंगरी त्या बटणाच्या खाली बसते ना? बसणारच. दोन वर्षं गादीवर काढलेली पोर कितीशी वाढली असणार! 'अजगर' नावाची एक मोठी राइड आहे, तिच्यात अर्ध्या तिकिटवाल्यांना घेत नाहीत, पण ती राहिली तर राहिली. बदकांच्या होड्या आहेत, घोडे आहेत. आजारपणाचासुद्धा जमेल तेवढा फायदा करून घ्यावा माणसाने.

कधी येताय ते लिही.

दादा


२० एप्रिल

दादा,

नमस्कार. पट्टा घट्ट केला. दोरा तुटायचा थांबला. तीन दिवस मी सुया बदलत होते, तू मात्र इतक्या लांबून फोनवर ओळखलंस. तुझे कान कुणी तरी विकत घ्यायला हवेत.

फोन मी रागाने ठेवला नाही रे. हात ओले होते.

घरात सगळं बरं आहे. सकाळी उठले की अजून माझा हात त्या पट्ट्यांच्या डबीकडे जातो. मग आठवतं, आता आठवड्यातून एकदाच. मग काय करावं सुचत नाही, तशीच उभी राहते ओट्यापाशी. परवा भाजीत पहिल्यांदा मीठ घातलं. भिंगरीने घास घेतला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आई, हे खारट आहे." आणि ताट चाटूनपुसून रिकामं केलं. हे तिच्याकडे बघत राहिले आणि स्वतः जेवायचे विसरले.

तुझा पार्काचा बेत चांगला आहे. पण आत्ता कसं जमणार? शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत. खोलीभर निळं कापड पसरलंय, पाय ठेवायला जागा नाही. दिवसभर बायका येतात, पोरीला पुढे ढकलतात आणि एकच वाक्य ऐकवतात, "बाई, वाढत्या अंगाचं शिवा हं." मी मान हलवते, चार बोटं घडी आत दुमडून ठेवते, म्हणते, दर सुट्टीत थोडी थोडी उसवा.

तेव्हा थोडं थांबू या का? पावसाळा होऊ दे. नाहीतर पुढच्या वर्षी. अस्वल काही पळून जात नाही.

आणि ते अर्ध्या तिकिटाचं… बघू.

वहिनींना नमस्कार सांग.

धाकटी


२८ एप्रिल

धाकटे,

वाचलं. आणि न लिहिलेलंही वाचलं. गणवेश, पाऊस, पुढचं वर्ष! गिऱ्हाईक जेव्हा "मोटर जड आहे, नंतर आणतो" म्हणतं, तेव्हा जड काय असतं ते मला कळतं. दोन वर्षं दवाखान्याने तुमचा खिसा उसवलाय हे मला माहीत नाही का? सरळ म्हण ना, दादा, परवडत नाही. मी कुणी परका आहे?

म्हणून पूर्ण बेत आखून पाठवतोय. वहिनी म्हणते, तुम्ही लग्नाचाही एवढा आखला नव्हता.

यायचं मंगळवारी. त्या दिवशी पार्काला गिऱ्हाईक नसतं म्हणून तिकीट उतरवतात. सकाळची साधी बस, खिडकीची जागा, मागच्या चाकावर बसायचं नाही, पोरीला हादरे बसतील. उतरायचं आमच्याकडे, म्हणजे राहण्याचा प्रश्न मिटला. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण तिथला फोरमन माझ्या ओळखीचा आहे. पंपघरात बसून डबा खायला तो नाही म्हणणार नाही. त्याच्या पंपाला मी दोनदा जीवदान दिलंय. आत फक्त एक वस्तू विकत घ्यायची: भिंगरीला खारे वेफर्स. मीठ चालतं ना आता? मग मोठं पाकीट.

आणि सगळ्यात मोठी बचत म्हणजे अर्धं तिकीट. त्यात कसूर नको. तिला आत्तापासून शिकवून ठेव: पंजाखालून जाताना मान जरा खाली, गुडघे जरा सैल. केस चापून बसव. दारातली बाई चष्मा लावून बसते, पण तिचं अर्धं लक्ष विणकामात असतं.

तू फक्त हो म्हण. बाकी हा मोटर-वाइंडिंगवाला बघून घेईल.

दादा


६ मे

मामा,

हे पत्र गुपचूप आहे. आई बटणं आणायला गेली आहे.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. आई ती कात्र्यांच्या डब्यात ठेवते आणि डबा आवरायचं काम माझ्याकडे आहे. मला तुमचा राग आलाय. पण थोडाच.

मला मान खाली घालून जायचं नाहीये. मी शाळेत रांगेत सगळ्यात पुढे उभी असते, कारण पुढे बुटक्या मुली असतात. आधी मी मधे असायचे. मी घरी होते तेव्हा सगळ्या वाढल्या आणि मी नाही वाढले. गोळ्यांनी माझे गाल फुगले तेव्हा मला 'पाव' म्हणायचे. आता गाल उतरले. पण नवीन बाईंनी मला विचारलं, "तू धाकट्या वर्गातून चुकून आलीस का गं?"

आईने दाराच्या पडद्यावर एक निळं बटण शिवलंय. मला म्हणाली, उगीच, शोभेला. पण ते तुमचं तिसरं बटण आहे. मला माहीत आहे. तिने तुमचा शर्ट मनातल्या मनात मोजला आणि मग टेपने जमिनीपासून बटणाची जागा काढली. ती नसताना मी खाली उभी राहून बघितलं. दोन बोटं कमी पडतात.

मी दाराच्या चौकटीला लोंबकळत होते तर बाबांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकटीत एक दांडा ठोकून दिला. आता मी रोज लोंबकळते.

गोळ्या बंद झाल्या त्या दिवशी डॉक्टर आईशी हळू बोलत होते. मी बाकावर पाय हलवत बसले होते. पाय हलवणाऱ्या मुलांना ऐकू येत नाही असं मोठ्या माणसांना वाटतं. डॉक्टर म्हणाले, "आता हिने उंची धरली की आपण सुटलो. नाही धरली तर परत बघावं लागेल." म्हणजे मी नाही वाढले तर परत तपासण्या, परत अळणी. म्हणून मला अर्धं तिकीट नकोय. मला फुल पाहिजे. अजगरात बसायचंय म्हणून नाही. म्हणजे, बसायचंय पण.

मामा, तुम्ही मेकॅनिक आहात आणि फोरमनकाका तुमचे मित्र आहेत. अस्वलाचा पंजा दोन बोटं खाली करता येईल का? फक्त त्या दिवशी. नंतर परत वर करा. पैसे जास्त जातील हे मला कळतं. मी वेफर्स घेणार नाही.

आईला सांगू नका.

भिंगरी


११ मे

भिंगरीबाई,

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. माझा चेहरा बघून हाताखालच्या कारागिराने विचारलं, "शेठ, कुठली मोटर जळली?"

पहिलं काम पहिलं. 'अर्धं तिकीट' हे नाव मी परत घेतलं. मान खाली, गुडघे सैल, तेही परत घेतलं. माझी जीभ दुकानाच्या शटरसारखी आहे, एकदा सुटली की धाडकन खाली येऊनच थांबते. दुसरं नाव तूच ठरव आणि कळव.

आता पंजा. मी मुद्दाम पार्कात जाऊन बघून आलो. पंजा दोन बोल्टांवर बसवलाय. पाना घेतला की चहा निवायच्या आत खाली करता येईल, आणि फोरमन नाही म्हणणार नाही. म्हणजे करता येतं. पण मी करणार नाही.

का ते ऐक. माझ्या दुकानात एक मीटर आहे. मोटर बरी झाली की नाही ते त्याच्या काट्यावर कळतं. तो काटा मी बोटाने ढकलला तर कुठलीही मोटर पास होईल, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाईल, आणि नळाला पाणी यायचं नाही. तुला बरं झाल्याचं खरं कळायला हवंय. बोटाने ढकललेलं चालेल का तुला? मला वाटतं, नाही चालणार. तू मान खाली घालून जायचं नाही, असं आपणहून ठरवणारी पोर आहेस.

आणि नाहीच लागलं डोकं, तर? तर आपण बदकांच्या होडीत बसू. मीही बसेन. होडी बुडाली तर ती माझ्या वजनाने, तुझ्या उंचीने नाही. आणि पुढच्या सुट्टीत परत येऊ, त्याच्या पुढच्या सुट्टीत परत. अस्वलाला दुसरं काम काय आहे?

वेफर्स मात्र घ्यायचेच. मोठं पाकीट.

तुझा मामा

ता.क. दांड्याला लोंबकळून आधी हात लांब होतात. जपून.


२२ मे

दादा,

तू भिंगरीला लिहिलेलं पत्र मी वाचलं. या घरात आता एकमेकांची पत्रं वाचायची पद्धतच पडली आहे. तिने तुला काय लिहिलं असेल ते तुझ्या उत्तरावरून कळलं, आणि मग मी मशीनवर डोकं टेकून थोडा वेळ बसले.

तुला वाटलं पैशाचं आहे. मी वाटू दिलं. ते सोपं होतं.

दादा, दिवसभर मी लोकांच्या पोरींना टेप लावते. बाहीला, कमरेला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. पण माझ्या पोरीला मी दोन वर्षांत टेप लावलेली नाही. ती आजारी पडायच्या जरा आधी तिला एक निळा फ्रॉक शिवला होता. वाढत्या अंगाचा. चार बोटं घडी आत. गिऱ्हाइकांना सांगते ना, दर सुट्टीत उसवा. त्या फ्रॉकची घडी मी एकदाही उसवली नाही. कितीदा कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. उसवायला गेले आणि उसवायची गरजच नाही असं दिसलं तर काय करू?

अलीकडे तो फ्रॉक तिला गुडघ्याच्या वर येतो. हे म्हणाले, "आखूड झाला." पण ती सुजेची किमया आहे. पोट फुगलं की फ्रॉक पुढून उचलला जातो, गरोदर बायकांचे कपडे शिवते मी, मला कळतं. हे म्हणतात, "पोट कधीच उतरलं." असेल. मला अजून दिसतं.

मग तुझ्या मापाचं बटण पडद्यावर शिवलं. तिला उभं करायची हिंमत झाली नाही. ती आपली आपणच उभी राहिली. मी शेजारच्या खोलीतून आरशात बघितलं. कमी पडली.

तिला पार्कात जायचंय. कमी पडणार हे माहीत असून जायचंय. म्हणते, "मामा म्हणालेत, खरं कळायला हवं." तेव्हा येत्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जायचं. आदल्या दिवशी हे तिला घेऊन येतील. मी येत नाही. गणवेशाचं निमित्त आहे, ते आता तुलाही कळलंय. तिने मान ताठ ठेवून त्या पंजाखालून जावं आणि पंजा वरच राहावा, हे मला बघवणार नाही.

फोन करू नकोस. माझ्या हाताखाली दुसऱ्याच्या पोरीचं कापड असेल, आणि ते बिघडेल. काय झालं ते लिही. जसं झालं तसंच लिही, गोड करू नकोस.

धाकटी


४ जून

धाकटे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस. बसलीस? पोरगी ठणठणीत आहे. कपाळावर एक टेंगूळ आहे. आता शांतपणे ऐक.

सकाळी वहिनी तिचे केस विंचरायला बसली. मायेने वर अंबाडा घालून देत होती. भिंगरी म्हणाली, "मामी, चापूनचोपून घाल. नाहीतर अस्वलाला वाटेल मी फसवतेय." वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे.

फाटकाशी पोचलो. तीच चष्मेवाली बाई, तेच विणकाम. पुढे एक आजीबाई दोन नातवंडं घेऊन होत्या. आमचा नंबर आला तशी भिंगरीने चपला काढल्या आणि बाजूला नीट जोडून ठेवल्या. खिडकीतून बाई म्हणाली, "अगं, घाल गं, फरशी तापलीय." मी म्हटलं, "बाई, तिचं काम होऊ दे." मेहुणेबुवांनी डब्याची पिशवी छातीशी अशी धरली होती, जणू कुणी हिसकावून नेणार आहे.

भिंगरीने वर बघितलं नाही. एकदाही नाही. शाळेच्या कवायतीत चालतात तशी, हात सरळ, नजर समोर अजगराच्या शेपटीवर, अशी निघाली. धाकटे, मी जन्मभर आवाज ऐकत आलो. बेअरिंग गेलेलं ऐकलं, तार जळताना ऐकली. पण असा आवाज ऐकला नव्हता.

टण्ण!

अख्खं अस्वल हललं. पत्र्याचं आहे, आतून पोकळ. भिंगरी दोन पावलं मागे आली आणि मटकन खाली बसली, दोन्ही हात कपाळावर. मेहुणेबुवांच्या हातातली पिशवी पडली. ते ओरडले. होय, ओरडले! "लागलं?"

आणि तुझी पोरगी, डोळ्यांत पाणी, कपाळ लालभडक, तोंडभर हसत, "लागलं! बाबा, लागलं!"

"कुठे लागलं?"

"पंजाला लागलं! मामा, मला लागलं!"

मग ती उठून नाचायलाच लागली. मेहुणेबुवा तिला उचलून हसायला लागले, मग मीही. पुढच्या आजीबाई मागे वळून म्हणाल्या, "लाज नाही वाटत? पोरीला लागलंय आणि हसताय काय?" मी म्हटलं, "आजी, लागलंय म्हणूनच हसतोय." त्यांनी आपली नातवंडं जवळ ओढून घेतली.

पुढची गंमत ऐक. तिकिटवाली बाई विणकाम टाकून बाहेर आली, ओला रुमाल घेऊन. भिंगरीच्या कपाळावर दाबून मला हळूच म्हणते, "जाऊ द्या हो, बिचारीला केवढं लागलं. मी अर्धंच फाडते." आणि मी, धाकटे, भंगारवाल्याशीही घासाघीस केल्याशिवाय ज्याला झोप येत नाही असा मी, तिच्याशी भांडलो. जास्त पैसे देण्यासाठी! "अर्धं? अहो, डोकं लागलं म्हणजे फुल. तुमचाच नियम आहे, तुम्हीच मोडता?" ती म्हणे, "मी तुमच्या भल्यासाठी सांगतेय." मी म्हटलं, "फुल द्या, नाहीतर मी वर तक्रार करीन." आमचा आवाज ऐकून फोरमन धावत आला. त्याला वाटलं, मी नेहमीप्रमाणे सूट मागतोय.

फुल तिकीट फाडलं. ते भिंगरीने मला हातात घेऊ दिलं नाही.

अजगरात ती बापाशेजारी बसली. मी खाली उभा राहून चाकांचा आवाज ऐकला, चांगला होता, म्हणून जाऊ दिलं. सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? मेहुणेबुवा. मला वाटतं वर्षानुवर्षं साठवून ठेवलेलं सगळं त्या एका उतारावर बाहेर पडलं. खाली आले आणि म्हणाले, "परत." तिघं मिळून वेफर्सचं मोठं पाकीट संपवलं. शेवटी भिंगरीने पाकीट फाडून आतलं मीठ बोटाने चाटलं. मी अडवलं नाही. आजच्या दिवस.

एक कोडं मात्र सुटत नाही. तुझ्या पडद्यावर पोर दोन बोटं कमी पडली, आणि इथे चांगलं कपाळ शेकलं. पंजाला कुणी हात लावलेला नाही, बोल्टावर तोच जुना गंज आहे, मी आधी तेच तपासलं. माझा शर्टही तोच आणि मी अस्वलापाशी परत उभा राहिलो, तर पंजा बरोबर तिसऱ्या बटणाला. तू शिंपी आहेस, तूच सांग.

हे पत्र संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. सकाळी तुझ्या दारात येईल. ही दोघं परवा निघतील. मेहुणेबुवांना अजून एकदा अजगरात बसायचंय.

दादा


१५ जून

दादा,

कंडक्टर दारात आला तेव्हा खोलीत तीन बायका आणि दोन पोरी माप द्यायला उभ्या होत्या. तू बस म्हणून लिहिलंस, पण बसायला जागा कुठे होती? उभ्यानेच वाचलं. 'टेंगूळ' वाचून हातातली कात्री खाली ठेवली, आणि 'टण्ण' वाचून मी इतक्या मोठ्याने हसले की एक बाई म्हणाली, "आम्ही उद्या येतो." मग तोंडावर पदर धरून रडले. तिच्या पोरीने मला पाणी आणून दिलं.

आता तुझं कोडं. दादा, तू जन्मात कधी कॉलरचं बटण लावलंस का? नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा गळा उघडाच आहे. आम्ही शिवणारे कॉलरचं बटण पहिलं धरतो. तू धरलंस छातीवरचं. तुझं तिसरं ते माझं चौथं! तुझ्या त्या उघड्या गळ्यापायी मी दोन महिने बटण एक घर वर शिवून पोरीकडे आरशातून बघत रडत होते. तुझे कान लाखमोलाचे, पण बटणं मोजायला यापुढे वहिनींना सांगत जा.

ती दोघं आली. हे दारातून आत येताच म्हणाले, "वाढली." मी म्हटलं, "माहीत आहे." आणि मग पहिल्यांदा मी गळ्यातली टेप काढली आणि तिला लावली. ती श्वास रोखून उभी राहिली. मी म्हटलं, "सोड गं श्वास, छातीचं नाही घेत." आकडा लिहीत नाही, मला सारखा बघायला आवडतो म्हणून तो दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवलाय. काल डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी भिंतीच्या पट्टीला उभी केली, जुना कागद काढून बघितला आणि म्हणाले, "धरलीय." एवढंच. तुझ्या मेहुणेबुवांच्याच घराण्यातले असावेत.

घरी येऊन निळ्या फ्रॉकची घडी उसवली. सगळी, चारही बोटं. इतके दिवस आत राहिलेलं कापड वरच्यासारखं विटलेलं नव्हतं. खाली सगळीकडून गडद निळा पट्टा निघाला, आज दुकानातून आणल्यासारखा. मला वाटलं होतं, ती लाजेल, म्हणेल दोन रंग दिसतात. ती तोच घालून गल्लीभर फिरली, आणि जो विचारेल त्याला पट्टा दाखवून सांगत होती, "एवढी मी आजारात वाढले." टेंगूळ उतरलं याचं मात्र तिला वाईट वाटतंय. पडद्यावरचं बटण मी काढायला गेले तर म्हणाली, राहू दे, तिथवर जायचंय.

तुझ्या नव्या नावाबद्दल तिचा निरोप आहे. 'फुल' म्हणायचं. नुसतं फुल. तिकीट नको.

आज दुपारी गर्दी ओसरल्यावर तिच्या शाळेच्या गणवेशाचं कापड घेतलं. सगळ्या वर्गाचे शिवून झाले, माझ्याच घरचा राहिला होता. खडू घेऊन वाकले, तेवढ्यात ती समोर येऊन उभी राहिली, हात कमरेवर, अगदी त्या बायकांसारखी मान वाकडी करून, आणि म्हणाली, "बाई, वाढत्या अंगाचं शिवा हं."

धाकटी